चौदा तांबे पाणी

म्हाताऱ्यानं मीठ सोडलं, तेव्हा घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. दारू सोडलेले लोक सगळ्यांनी पाहिले होते, तंबाखू दर सोमवारी सोडणारेही पाहिले होते. पण ज्याच्या तीन पिढ्या मिठागरात खपल्या, ज्याच्या अंगणात बारा महिने मिठाची रास, त्या माणसानं पाटावर बसून "मला अळणी वाढा" म्हणावं हे अतीच होतं. म्हातारीनं वाढणं थांबवून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्याला सगळे तराजू म्हणत. वाफ्यातल्या खाऱ्या पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अजून चार दिवस." की चारच दिवस. मुलानं एकदा शहरातून खारेपणा मोजायची काचेची नळी आणली होती. ती पाण्यात तरंगून आकडा दाखवायची, आणि बाप अगोदर जे बोललेला असायचा तेच सांगायची. दोन हंगामांनंतर मुलानं ती खिळ्याला टांगली. आता तिच्यावर कोळ्यानं घर केलं होतं.

झालं असं, की आरोग्य केंद्राच्या लोकांनी तपासणी ठेवली होती. नर्सबाईनं दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, परत बांधला, परत पाहिला. डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी लिहून दिली, लघवी जास्त होईल असं सांगितलं. जाताना नर्सबाई म्हणाली, "आजोबा, मीठ कमी करा. आणि उन्हात काम करता, पाणी पीत राहा."

"कमी म्हणजे किती?"

"जेवढं कमी तेवढं चांगलं."

नर्सबाईला बिचारीला काय माहीत, की हा माणूस कुठलीच गोष्ट अर्धी करत नाही. बांध घालायला सांगितला तर भिंत बांधणारा गडी. तो ते वाक्य घेऊन घरी आला आणि रात्रीच्या जेवणापासूनच अमलात आणलं.

त्यावर त्यानं स्वतःचं शास्त्रही जोडलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक वाफ्यात साधं पाणी सोडतात, तळाला बसलेला कडू खार त्यात विरघळला की झडप उघडून सगळं बाहेर काढतात. दोन-तीनदा धुतलं की वाफा साफ. "शरीर म्हणजे तरी काय," तो मुलाला म्हणाला, "वाफाच. साठ वर्षांचा खार बसलाय तळाला. धुऊन काढायचा."

"डॉक्टरांनी असं सांगितलं?"

"डॉक्टरनं मिठागर पाहिलंय का कधी?"

मग तांब्या घेऊन तो कामाला लागला. मोठ्या झडपेच्या खांबावर दर तांब्यामागे कोळशाची एक रेघ. पहिल्या दिवशी आठ रेघा होत्या. दोन आठवड्यांनी चौदा. तहान असो नसो, रेघ चुकायची नाही. आणि पोटात गेलेलं पाणी थोडंच तिथं राहतं. दर घटकेला म्हातारा बांधामागे. म्हातारी फळी ओढता ओढता सुनेला म्हणायची, "यंदा भरती नाही आली तरी चालेल. आपलं आपल्या घरातच भागेल." दोघी इतक्या हसायच्या, की शेजारच्या मिठागरातली माणसं माना वर करून बघायची.

उन्हं कडक होती. समुद्राचं पाणी भरतीला बाहेरच्या मोठ्या तळ्यात यायचं, तिथं आटून मधल्या वाफ्यांत, तिथून आणखी आटून शेवटच्या वाफ्यात. शेवटचा वाफा म्हणजे वर्षभराची भाकर. त्यात पाण्यावर आता पांढरी साय धरू लागली होती, तळाला दाणे बसत होते. नऊ दिवसांनी उधाण होतं. मोठं उधाण आलं की पाणी बाहेरचा बांध ओलांडतं, आणि तोवर मीठ वर काढून राशीला लावलं नाही तर महिन्याची मेहनत समुद्राला परत. म्हणून सगळी मान मोडून राबत होती. सून आणि सासू अनवाणी वाफ्यात उतरून फळीनं दाणे हलवायच्या, मुलगा बांध चोपायचा, आणि म्हातारा रबरी बूट घालून या बांधावरून त्या बांधावर हिंडत हुकूम सोडायचा.

हुकूम मात्र अलीकडे बिघडत चालले होते. त्याचं डोकं दुखायचं. पोटऱ्यांत गोळे यायचे, मग तो बांधावर पाय लांब करून शिव्या देत बसायचा. जेवण जात नव्हतं. सुनेनं एकदा पाहिलं, तो उभा राहताना हेलकावला आणि खांबाला धरून राहिला.

"आबा, बरं वाटत नाही का?"

"ऊन लागलं. पाणी आण."

तिनं आणलं. तो प्यायला आणि त्यानं रेघ ओढली.

त्या दिवशी दुपारी मुलगा तळ्याच्या बाजूला होता. त्याला पाण्याचा आवाज आला, आणि मिठागरात ज्या वेळी पाण्याचा आवाज यायचा नाही अशा वेळी तो आला की माणूस आधी पळतो, मग विचार करतो. तळं आणि शेवटचा वाफा यांच्यामध्ये एक चोरझडप होती, ती फक्त हंगामाच्या आरंभी वाफे धुवायला उघडायची. ती सताड उघडी होती. तळ्यातलं कच्चं पाणी धो धो शेवटच्या वाफ्यात चाललं होतं आणि महिनाभराची पांढरी साय डोळ्यांदेखत विरघळत होती. म्हातारा बाजूला उभा राहून ते शांतपणे बघत होता.

सून अगोदर पोचली. तिनं फळी आडवी घालून खांदा लावला, मुलानं चिखलाचे गोळे मारले. झडप बंद व्हायला चिलीम ओढून व्हावी एवढा वेळ गेला.

"आबा, हे काय केलंत?" मुलगा धापा टाकत म्हणाला.

"धुतोय," म्हातारा म्हणाला. "तळ कडू झालाय." मग त्यानं मुलाकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "काका, भरती किती वाजता?"

आबांचा तो काका वारून वीस वर्षं झाली होती. मुलाचा राग जागच्या जागी गळाला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. त्यानं बापाचं मनगट धरलं आणि लहान पोराला शाळेत नेतात तसं त्याला बांधावरून घरी चालवत नेलं. म्हाताऱ्याची विजार ओली झाली होती. शेजारच्या आगरातल्या लोकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, जे जास्त लागतं.

"उद्यापासून आबा आगरात येणार नाहीत," संध्याकाळी मुलगा म्हणाला. "वय झालं. डोकं काम करत नाही. मला आगर सांभाळायचं की आबांना?"

म्हातारा पायरीवर बसून ऐकत होता. त्याला सगळं कळत नव्हतं, पण हे कळलं. तो नुसती उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यानं चोळत राहिला. पन्नास वर्षं तेच बोट तो पाण्यात बुडवत आला होता. मिठागर नाही म्हटल्यावर या माणसाकडे दुसरं काही उरत नव्हतं, आणि ते घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं.

सकाळी तो उठलाच नाही धड. उठवून बसवला तर भडाभडा ओकला आणि म्हातारीला म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?"

म्हातारीनं त्याचं तोंड पुसलं. "वेडा माणूस ओकत नाही," ती मुलाला म्हणाली. "हे पोटातलं आहे का डोक्यातलं ते मला माहीत नाही, पण वयातलं नाही. टेम्पो काढ."

मीठ वाहायच्या टेम्पोत रिकाम्या पोत्यांवर त्याला झोपवून त्यांनी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. तिनं डोळ्यांत उजेड मारला, पाय दाबून पाहिले, काय काय खातात, कुठली गोळी चालू आहे, सगळं विचारलं. मुलगा सारखा "वय झालंय हो" म्हणत होता. सून मध्येच बोलली.

"मीठ पंधरा दिवसांपासून बंद आहे. एक कणसुद्धा नाही. आणि पाणी चौदा तांबे."

"दिवसाला?"

"दिवसाला. खांबावर रेघा आहेत."

डॉक्टरणीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "एवढं नेमकं मला कोणी सांगत नाही," ती म्हणाली आणि रक्त काढायला सांगितलं.

तासाभरानं ती कागद घेऊन आली. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य भाग, एकशे पस्तीसच्या वर हवं. ते एकशे चौदा होतं.

"म्हणजे मीठ संपलं?" मुलानं विचारलं.

"थोडं गोळीमुळे लघवीवाटे गेलं, खाण्यातून आलं नाही. पण मुख्य म्हणजे पाणी फार झालं. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडालाही मर्यादा असते, आणि त्या गोळीनं तीही कमी होते." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "कोरडे हरभरे पाण्यात टाकले की काय होतं?"

"फुगतात," सून म्हणाली.

"बाहेरचं पाणी पातळ झालं की ते आत शिरतं. अंगातला एकेक कण तसाच फुगतो. पाय फुगला तर सूज दिसते, बिघडत नाही. पण मेंदू कवटीच्या डब्यात आहे. त्याला फुगायला जागा कुठंय? म्हणून ओकारी, म्हणून माणसं ओळखू येईनात."

म्हातारीनं पदर सावरला. "म्हणजे वाफा पातळ झालाय."

डॉक्टरणीला वाफा कळला नाही. म्हातारीनं दोन वाक्यांत समजावला. "हो," ती म्हणाली, "तेच."

"वेड नाही?"

"वेड नाही."

म्हातारी खाली बसली. आदल्या दिवसापासून तिनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ते आता निवांत काढलं.

मुलाला मात्र घाई झाली. बाटली लावली तर त्यातून थेंब थेंब पडत होते. "अहो, जरा जोरात सोडा ना. एवढा मिठाचा तुटवडा आणि हे असं ठिबकतंय."

"हळूच द्यायचं. चोवीस तासांत आठ, फार तर दहा आकडे चढवायचे. एकदम चढवलं तर फुगलेला मेंदू झटक्यात आकसतो आणि कायमची इजा होते. दर थोड्या तासांनी रक्त बघणार मी. आणि पाणी मोजून."

मुलगा तोंड उघडणार, तोच म्हातारी म्हणाली, "तू गप बस. जोराचं वारं सुटून वाफा भरकन आटला तर कसं मीठ येतं?"

"पीठ येतं," मुलगा पुटपुटला.

"आणि सावकाश आटला तर?"

"दाणा येतो."

"मग? एवढी वर्षं आगरात काय नुसता उन्हात वाळायला आणला होता तुला?"

डॉक्टरीण हसली. पुढं दोन दिवस ती वॉर्डात आली की आधी म्हातारीशी बोलायची, मग पेशंटशी.

सून दुपारीच टेम्पोनं परत गेली. वाफा कोणीतरी बघायला हवा होता. घरी शेजारी येऊन सांगून गेले, की आता ते पाणी सगळं सोडून द्या, यंदाचा वाफा गेला. ती काठावर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग उतरली. वरच्या पाण्यात पायाला काही झोंबलं नाही, खाली तळाला मात्र टाचा चरचरल्या. जड पाणी खाली होतं आणि तळ्यातून आलेलं कच्चं पाणी अजून त्याच्यावरच तरंगत होतं. तिनं बांधाच्या वरच्या अंगाला बोटभर खोल खाच पाडली आणि वरचं पातळ पाणी पापुद्र्यासारखं हळूहळू जाऊ दिलं. पाण्यात काही ढवळू नये म्हणून कुत्र्यालाही बांधावर येऊ दिलं नाही. संध्याकाळी खाच बुजवली, सकाळी उन्हं चढल्यावर परत उघडली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाटलीची नळी बदलत होती. एक थेंब म्हाताऱ्याच्या हातावर पडला. त्यानं तो सवयीनं चाटला आणि डोळे मिटले.

मुलगा स्टुलावर होता. बापानं डोळे मिटले तसा तो धडपडून उठला.

"समुद्राहून जरा पातळ आहे," म्हातारा म्हणाला. "जरासंच."

डॉक्टरीण पलीकडच्या खाटेशी होती. ती वळली. "काय म्हणालात?"

"हे पाणी. भरतीच्या पाण्याहून थोडं उणं."

"बाटलीत शंभराला तीन आहे," ती सावकाश म्हणाली. "समुद्रात साडेतीन."

"तेच सांगतोय मी."

तिनं दुसरी बाटली मागवली. थेंबभर त्याच्या बोटावर सोडला. त्यानं चव घेतली. "हे घामाहून खारट. डोळ्यातलं पाणी असतं ना, तेवढं."

"हे तुमच्या रक्ताइतकं खारट आहे, आजोबा. नीट असलेल्या रक्ताइतकं."

म्हाताऱ्यानं बोट परत जिभेला लावलं. "एवढंच?"

"एवढंच."

"साठ वर्षं मिठात घालवून माणूस आतून एवढाच खारट?"

"सगळेच तेवढे. मीसुद्धा."

"मग मी धूत काय होतो?" तो म्हातारीकडे वळला. "आणि तू बसलीस हसत."

त्यानं तिला ओळखलं होतं. मुलगा उठून व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं रडला. त्याला इतका आनंद फार वर्षांत झाला नव्हता, आणि आनंदात लाजही होती. परत आला तेव्हा डोळे लाल होते. तो खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "आबा, मी त्या दिवशी बोललो ते..."

"काय बोललास? मला आठवत नाही," म्हातारा म्हणाला. त्याला शब्द न् शब्द आठवत होता.

पाचव्या दिवशी सोडलं. ती गोळी गेली, दुसरी आली. तहान लागली की पाणी, ताटात बेताचं मीठ, आठवड्यानं परत रक्त. उधाणाला चार दिवस उरले होते. टेम्पो घराकडे वळायच्या आधीच म्हातारा म्हणाला, "आगरात घे."

मुलानं मुकाट्यानं घेतलं. बांधावरून चालताना त्यानं बापाचा हात धरला नाही, फक्त अर्धं पाऊल मागे राहिला. शेवटच्या वाफ्यावर साय परत धरली होती. उन्हात ती इतकी पांढरी होती, की बघवत नव्हती. सून आत घोटाभर पाण्यात होती. तिच्या डोक्याला फडकं, हातात फळी. म्हातारी टेम्पोतून उतरली ती थेट फळी घेऊन तिच्या शेजारी पाण्यात शिरली.

"आबा," मुलगा शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "कधी काढायचं?"

म्हातारा वाकला. बोट बुडवलं. जिभेला लावायच्या आधी त्याला पाण्यावरून सुनेचं बोलणं ऐकू आलं. ती सासूला हळूच म्हणत होती, "उद्या सकाळी." सासू म्हणाली, "हं. सकाळीच."

त्यानं चव घेतली. डोळे मिटले. उघडले. उद्या सकाळीच होतं.

"तुला कसं कळलं?" त्यानं सुनेला विचारलं.

सून गोंधळली. सासऱ्याला असं काय सांगायचं. "टाचा, आबा. भेगा आहेत ना. खालचं पाणी नुसतं झोंबत असेल तर वेळ आहे. झोंबून मग बधिर व्हायला लागलं, की झालंच."

"हिला कोणी शिकवलं?"

"मी," म्हातारी म्हणाली. "मला माझ्या सासूनं."

म्हातारा हळूहळू सरळ उभा राहिला. "म्हणजे तुला कायम माहीत असायचं?"

"चाळीस वर्षं."

"मी सांगायच्या आधी?"

"आदल्या संध्याकाळी."

"मग मला विचारत कशाला होता सगळे?"

म्हातारीनं फळी चिखलात रोवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही डोळे मिटून सांगता ते बघायला बरं वाटतं," ती म्हणाली. "आणि तुमचं कधी चुकलं नाही. चुकलं असतं तर बोलले असते."

मुलाला हसू आवरेना. तो बांधावर बसला. सून तोंडावर फडकं धरून उभी. म्हातारा दोघांकडे बघून खोटं रागावायला गेला, पण ते जमलं नाही, त्याला स्वतःलाच इतकं हसू लोटलं की मुलानं घाईनं उठून त्याला धरलं. मग बांधावर बसून त्यानं पायातले बूट ओढून काढले आणि बायकोच्या शेजारी पाण्यात उतरला.

"शिकव," तो म्हणाला.